कच्चे रंग, पक्के रंग : वसंतातल्या वाकळेची गोष्ट

माघ लागला की आपल्या बायकांच्या गप्पांत एक विषय हमखास येतो. जाड रजया उन्हं दाखवून माळ्यावर जातात, पलंग मोकळा मोकळा दिसायला लागतो आणि कुणीतरी म्हणतं, "आता जरा फिके रंग काढूया, वसंताचे." मग मोबाइल फिरतो. पीच, मिंट, लोण्यासारखा पिवळा, फिकट जांभळा. अभ्रे, पडदे, पलंगपोस, आणि हल्ली पुन्हा हौसेने शिवली जाणारी वाकळ, सगळं याच रंगांत. दिसतं छानच, नाही म्हणत नाही मी. पण आमच्या सांगलीकडच्या घरातल्या जुन्या वाकळी दुरुस्तीला काढल्या की मला दर वेळी एक प्रश्न पडायचा. यात एकही फिका रंग का नाही? काळा, गडद निळा, विटकरी, डाळिंबी, मळकट पांढरा. आजीला काय वसंत आवडत नव्हता?

आवडत होता. तिचा माघ-फाल्गुन रंगांनीच भरलेला असायचा. पण ते रंग अंगावर होते, अंथरुणात नव्हते. असं का, हे शोधता शोधता मी कापडाच्या रंगांचा इतिहास वाचत गेले. ते सगळं आपल्या जुन्या दोन शब्दांत येतं : कच्चा रंग आणि पक्का रंग.

आज आपण "रंग जाणार नाही ना हो?" असं दुकानात सवयीने विचारतो. पूर्वी हा प्रश्न सवयीचा नव्हता, खर्चाचा होता. १८५६ पर्यंत जगातलं जवळजवळ सगळं कापड झाडपाला, मुळं, फुलं, माती किंवा किड्यांपासून काढलेल्या रंगांतच रंगत होतं. त्यातले सुती कापडावर वर्षानुवर्षं टिकणारे रंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. निळा नीळीचा. लाल मंजिष्ठेचा किंवा आलीच्या मुळांचा. काळा हिरड्याचा आणि लोखंडाचा. लालासाठी कापड आधी हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटीत भिजवायचं, तेव्हा कुठे मुळांचा रंग धाग्याला धरायचा. तो हिरडा आपल्याच सह्याद्रीतला, जुन्नर-आंबेगाव-भोरकडचा. निळ्याची तऱ्हा आणखी वेगळी. नीळीच्या पिंपातून कापड वर काढलं की ते पिवळट हिरवं दिसतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. हे काम घरी होणारं नव्हतंच. आपल्या भागात त्यासाठी निराळी म्हणून एक समाजच होता, नीळ रंगवणारा.

हे रंग किती पक्के? मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा तुकडा सापडला, चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा, तोही मंजिष्ठेच्या कुळातल्या लाल रंगाने रंगवलेला. इजिप्तमध्ये कैरोजवळ फुस्तात या जुन्या शहराच्या जागी गुजरातच्या छापील कापडाचे मध्ययुगीन तुकडे ढिगाने मिळाले. त्यांत रंग कोणते राहिलेत? लाल आणि निळा. जुन्या छापील चिंटांमध्ये तर गंमत बघा, फुलं लाल आणि पानं निळी दिसतात. कारागिराने ती निळी काढलेली नव्हती. निळ्यावर पिवळा चढवून त्याने पानं हिरवी केली होती. पिवळा उडून गेला आणि खालचा निळा तेवढा उरला. अहमदाबादच्या कॅलिको संग्रहालयासारख्या ठिकाणी जुनी कापडं बघायला गेलात तर निळ्या पानांकडे जरूर लक्ष द्या.

आता आपली वाकळ. ती नव्या कापडाची कधी नव्हतीच. नेसून नेसून मऊ झालेली लुगडी, धोतरं, पोलक्यांचे तुकडे एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवायचं. वरचा थर चांगल्या तुकड्यांचा, आत काहीही. म्हणजे वाकळेत कोणता रंग येणार हे शिवणारी ठरवत नव्हती. वीस वर्षं धुऊनही ज्या लुगड्यात रंग शिल्लक राहिला, ते लुगडं ठरवत होतं. संक्रांतीची काळी चंद्रकळा राहायची. इरकलीचा गडद अंग राहायचा. व्यापारी घरांत खारव्याचे तुकडेही असत. खारवा म्हणजे आलीच्या मुळांनी रंगवलेलं ते लाल जाडंभरडं कापड. चोपड्या-खतावण्या त्यातच बांधायच्या, गाद्या-रजयांनाही तेच. लाल चोपडीचा लाल तो हाच. आपल्या अनेकींच्या माहेरी त्या चोपड्या अजून कपाटात असतील.

आणि वसंताचे रंग? ते सगळे कच्चे.

यातला राजा कुसुंबा. कुसुंबा म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, आपली करडई! जिची कोवळी भाजी आपण थंडीत लसूण न घालताही चवीने खातो, जिचं तेल सोलापूर-मराठवाड्याकडच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चाललं, तीच. रब्बीला पेरतात. थंडी उतरायला लागली की काटेरी बोंडांवर पिवळी-नारिंगी फुलं येतात आणि सुकताना लालसर होतात. बी धरल्यावर या पाकळ्या खुडल्या तरी तेलाचं काही बिघडत नाही. एकाच झाडाचं तेलही मिळतं आणि रंगही.

पण तो रंग काढणं म्हणजे चिकाटीचं काम. पाकळीत दोन रंग असतात, एक पिवळा आणि एक लाल. पिवळा साध्या पाण्यात सुटतो, म्हणून आधी पाकळ्या पुन्हा पुन्हा धुऊन तो सगळा काढून टाकायचा. मग त्या सज्जीखारात किंवा पापडखारात चुरायच्या. खारात लाल रंग सुटतो. मग त्या पाण्यात लिंबाचा रस किंवा तसलंच काही आंबट घालायचं आणि कापड बुडवायचं. आंबट पडलं की लाल रंग पाणी सोडून धाग्यावर बसतो, तुरटीची गरज नाही. एकदा बुडवलं तर प्याजी, आणखी बुडवलं तर गुलाबी, पुन्हा पुन्हा बुडवलं तर लखलखीत कुसुंबी. खाली हळदीचा हात दिला तर केशरी, नीळीवर चढवला तर जांभळा. मोबाइलवर आपण जी रंगांची पट्टी बघतो, तिच्यातल्या अर्ध्या छटा या एका फुलात होत्या.

टिकत मात्र नसत. उन्हाने उडायच्या, साबणाने किंवा राखेच्या पाण्याने तर लगेच उतरायच्या. साहजिकच आहे, खाराने जो सुटतो तो खारानेच जाणार. म्हणून कुसुंबी वस्त्र सणापुरतं, लग्नापुरतं. रंग उतरला की पुढच्या वर्षी नवी फुलं आल्यावर रंगाऱ्याकडे पुन्हा द्यायचं. विलायतेतल्या सरकारी कागदांना बांधायची ती सुप्रसिद्ध लाल फीतसुद्धा करडईच्याच रंगाची असायची, आणि त्यासाठी ढाक्याच्या कुसुंब्याला चांगली मागणी होती. म्हणजे लालफीतशाहीचा रंग मुळात कच्चा! सरकारी फायलींचा अनुभव असलेल्या मैत्रिणींना यावर विश्वास बसणं अवघड आहे.

पळसाचंही तसंच. फाल्गुनात पानं झडून नुसती केशरी फुलं राहतात, ती उकळली की पिवळं-नारिंगी पाणी निघतं, चुना घातला की रंग गडद होतो. रंगपंचमीला तो अंगावर उडवायचा, एखादं धोतर-उपरणं त्यात बुडवायचं, आठवड्याभरात विषय संपला. आणि हळद तर आपल्या सांगलीची ओळखच. तिचा रंग ताटावरून, बोटांवरून जाता जात नाही, पण उन्हात वाळत घातलेल्या कापडावरून मात्र दिवसागणिक उडतो. साबण लागला की हळदीचा डाग लाल होतो हे आपण रोज बघतो. कुंकू करतानाही हळदीला चुना किंवा तसलाच खार देऊन हेच केलं जातं.

म्हणजे संक्रांतीला काळा, वसंतपंचमीला पिवळा, फाल्गुनात केशरी-गुलाबी हा क्रम घरात होताच. फक्त त्यातला काळा तेवढा वाकळेपर्यंत पोहोचायचा. बाकीचे रंग वाटेतच धुऊन जायचे. एका जुन्या वाकळेचा काठ उसवला तेव्हा दुमडलेल्या भागात, जिथे ऊन-पाणी पोहोचलं नव्हतं, तिथे मला बोटभर गुलाबी दिसला होता. वरून तोच तुकडा मी इतकी वर्षं मळका पांढरा समजत होते.

इथे आपल्या घरांपुरती आणखी एक गोष्ट आहे, ती सोडून हा इतिहास पुरा होत नाही. लाल रंग मुळांपासून मिळतो तसा किड्यांपासूनही मिळतो. लाखेचा लाल. लाखेचे किडे पळस, बोर, कोशिंब यांच्या फांद्यांवर वाढतात. गंमत अशी की ज्या पळसाच्या गळून पडलेल्या फुलांचा रंग आपण बिनधोक घेतो, त्याच पळसाच्या फांदीवर ही लाख होते. फांदी खरवडून लाख धुतली की लाल पाणी निघतं, रेशमावर आणि लोकरीवर ते उत्तम बसतं, पण त्यात किती जीव गेले याची गणती नाही. श्रावकाने जे पंधरा धंदे करू नयेत असं शास्त्रात सांगितलं, त्यात लाक्षावाणिज्य आहे. तेराव्या शतकातल्या पंडित आशाधरांच्या सागारधर्मामृतातही ती यादी आहे. आणि बाराव्या शतकातल्या आचार्य हेमचंद्रांच्या योगशास्त्रात तर लाक्षावाणिज्य म्हणजे नुसती लाख नव्हे, तिच्याबरोबर नीळही मोजली आहे.

हे वाचलं तेव्हा मी थोडी थबकले. नीळ तर झाडपाल्याची! पण नीळ करायची म्हणजे हिरवा पाला हौदात भिजत घालून आंबवायचा. आंबलेल्या पाण्यात काय काय निपजतं हे दही-डाळीचा आणि शिळ्या अन्नाचा विचार करणाऱ्या आपल्यासारख्यांना वेगळं सांगायला नको. तरीही निळं कापड आपल्या घरांत वापरलं गेलं, चंद्रकळा नेसल्या गेल्या. निषेध धंद्याचा होता, वापराचा नव्हता असं म्हणता येईल, आणि धंद्याचा निषेध तरी सगळ्यांनी किती पाळला कोण जाणे. नीळ हा गुजरातच्या व्यापारातला मोठा माल, आणि त्याच गुजरातेत आपल्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या. मला स्वतःला यात दांभिकपणा दिसत नाही. पण नियम कागदावर जितका सरळ दिसतो तितका बाजारात सरळ राहात नाही, एवढं दिसतं.

किड्यांचा आणखी एक लाल परदेशातून आला, कोचिनील, मेक्सिकोतल्या निवडुंगावरच्या किड्यांचा. तो अजून संपलेला नाही. चॉकलेट-गोळ्यांच्या वेष्टनावर ई १२० दिसलं की आपण खाली ठेवतो ना, तोच हा.

आता १८५६ कडे येऊ. लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा हिवतापावरचं क्विनाइन बनवायच्या प्रयत्नात होता. ते जमलं नाही, पण डांबरातून निघालेल्या द्रव्यापासून त्याला जांभळा रंग मिळाला. तीन वर्षांत भडक किरमिजी आला, ज्याला आपण राणी कलर म्हणतो त्याच्या जवळचा. १८६८ मध्ये मंजिष्ठेतलं लाल द्रव्य प्रयोगशाळेत बनलं, १८९७ मध्ये जर्मनीहून कृत्रिम नीळ बाजारात आली. आलीची मुळं खणायला शेतकऱ्याला दोन-तीन वर्षं थांबावं लागे, त्याच्या पुढ्यात पुडीचा रंग येऊन बसला. आलीची शेती गेली, कुसुंब्याची मागणी गेली, निराळ्यांचे पिंप गेले. करडई तेलापुरती राहिली. चंपारणच्या निळीचा जुलूम आपण शाळेत शिकलो, पण नीळ संपली तशी रंगाऱ्यांची घरंही संपली हे कुठल्या धड्यात नव्हतं.

सुरुवातीचे हे पुडीचे रंग भडक होते आणि बरेचसे कच्चेच होते. फिका, स्वच्छ, आणि धुऊनही तसाच राहणारा रंग सुतावर सहज बसायला आणखी वेळ लागला. सुताच्या धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे रंग इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने १९५६ मध्ये बाजारात आणले, पर्किननंतर बरोब्बर शंभर वर्षांनी. आपल्या पलंगावरचा पीच आणि मिंट आज पन्नास धुण्यांनंतरही पीच आणि मिंटच दिसतो, त्यात या रंगांचा मोठा वाटा आहे. आणि 'स्प्रिंग पॅलेट' म्हणून जी चित्रं फिरतात, त्यांचं मूळ बरंचसं अमेरिकेतल्या १९२०-३० च्या दशकांतल्या गोधड्यांत आहे. तिथे तेव्हा फिके गुलाबी, फिके हिरवे छापील कापड स्वस्त मिळायला लागलं आणि त्याची फॅशन झाली. त्याआधी तिथल्या आज्यांच्या गोधड्याही आपल्यासारख्याच, गडद लाल आणि नीळ.

म्हणून मला वाटतं, वसंताची वाकळ शिवायची तर रंग तिकडून उचलायचं काही कारण नाही. मिंट हा बर्फ वितळणाऱ्या देशातल्या गवताचा रंग आहे. आपल्याकडे माघ-फाल्गुनात गवत वाळून सोनेरी झालेलं असतं. आपली पालवी हिरवी फुटतच नाही, पिंपळाची तांबूस गुलाबी असते, आंब्याची तपकिरी जांभळट, कडुलिंबाची लालसर. पीच हवा असेल तर तो पिंपळावर आहे. मोहोराचा हिरवट पिवळा, करडईचा नारिंगी, पळसाचा केशरी हे ठिपक्यांसारखे थोडेच वापरावेत, झाडावरही ते तसेच असतात. पाठीमागे मांजरपाटाचा न धुतलेला पिवळसर पांढरा किंवा वाळक्या गवताचा रंग. पांढराशुभ्र घेतला तर सगळं दवाखान्यासारखं दिसतं, हे माझं ठाम मत.

माझ्या भाचीला चैत्रात बाळ व्हायचंय, तिच्यासाठी मी सध्या दुपटं शिवते आहे. तिने फोटो पाठवला होता, अर्थात पीच आणि मिंट. दुपटं बाळाच्या तोंडात जाणार, म्हणून रंगाचा विचार जरा जास्त केला. अझो प्रकारचे काही रंग अंगाला घातक म्हणून १९९७ पर्यंत आपल्या सरकारने असे ११२ रंग वापरायला बंदी केली. पण सुट्या चिंध्यांच्या ढिगातला तुकडा कुठून आला हे कोण सांगणार? तो ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघावा, फडक्याला रंग लागला तर बाळासाठी घेऊ नये. रेशमाचे तुकडे मी मुळातच काढून टाकते, इरकलीचा रेशमी पदरही.

रासायनिक रंगात किडा मरत नाही, पाला आंबवावा लागत नाही, हे खरं. पण इचलकरंजीच्या कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचं सांडपाणी पंचगंगेत गेल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतोय. पाणी गाळून पिणाऱ्या आपण, अप्‌कायिक जीवांची आठवण प्रतिक्रमणात करतो. त्या नदीचं काय करायचं, हे मला अजून सुटलेलं नाही. हळद-पळसाने घरी रंगवावं तर दर वर्षी पुन्हा रंगवायला लागेल, आणि खरं सांगायचं तर त्यालाही पाणी लागतंच.

सध्या मी एवढंच केलंय. नवीन कापड फक्त अस्तराचं, मांजरपाट. वरचे तुकडे सगळे घरातले : वहिनीच्या जुन्या सुती साडीचा तांबूस, माझ्या ओढणीचा मोहोरासारखा पिवळा, हळदीच्या पाण्यातून काढलेली दोन छोटी चौकोनं, जी दिवाळीपर्यंत पांढरी होतील हे भाचीला आधीच सांगून ठेवलंय. चारही काठ आजीच्या इरकलीचे, निळे. इतकी वर्षं धुतल्यावर त्यांतून आता पाण्यात उतरायला रंग उरलेला नाही.